दहावीनंतरचा सल्ला: ठाणे-नवी मुंबईतल्या करिअर मार्गदर्शनाची पार्श्वभूमी

बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्सने व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. त्याची रीत साधी होती: आधी माणूस समजून घ्या, मग कामधंद्यांची खरी माहिती मिळवा आणि दोहोंची सांगड घाला. आपल्याकडे यातलं पहिलं काम, म्हणजे चाचण्या घेऊन मूल ओळखणं, भरपूर वाढलं. दुसरं उपाशी राहिलं आणि तिसरं आईवडिलांवर सोडलं गेलं. हा व्यवसाय आधुनिक करायची भाषा आज होते, तिचं मूळ या असमतोलात आहे.

मुंबईत याची सुरुवात खासगी पुढाकाराने झाली. बाटलीबॉय ब्यूरो, म्हणजे मार्गदर्शनाचं कार्यालय, १९४१ चा, पारशी पंचायतीचा १९४७ चा. मुंबई सरकारने १९५० मध्ये स्वतःचा ब्यूरो काढला. मग माध्यमिक शिक्षणाबाबतच्या मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. शाळेतच तांत्रिक, वाणिज्य, शेती अशा वाटा फुटणार म्हटल्यावर वाट दाखवणारा हवाच. त्यासाठी शिक्षकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देऊन 'करिअर मास्तर' करण्यात आलं. पण मास्तरांचे तास काही कमी झाले नाहीत. ऑफ तासाला, स्टाफरूमच्या कोपऱ्यात जे जमेल ते मार्गदर्शन.

नोकऱ्यांची माहिती होती ती दुसऱ्याच खात्याकडे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बेरोजगारांची नावं नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक झालं. तिथूनच माणूस घेण्याची सक्ती मात्र नव्हती. एक्स्चेंजकडून आलेल्या नावांपुरतीच भरती मर्यादित ठेवू नका, जाहिरातही द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितल्यावर तिथल्या नोंदणी कार्डाचं वजन आणखी घटलं. म्हणजे चाचण्या शिक्षण खात्यात, जागांची यादी रोजगार खात्यात, आणि मुलगा दोन्हीकडच्या रांगेत.

ठाण्यात हे फारसं खटकलं नाही, कारण सल्ला कंपनीच्या गेटवरच मिळायचा. १९६२ मध्ये एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली, तिची सुरुवातच वागळे इस्टेटमधून. पुढे ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. आयटीआय करायचं, अप्रेंटिस लागायचं, मग कायम व्हायचं; शेजारच्या काकांना मशीन शॉपमध्ये किती जागा निघणार ते माहीत असायचं. ही व्यवस्था ओळखीवर चालायची आणि मुलींना तिच्यात जवळपास जागा नव्हती, पण माहिती ताजी असायची. कारखाने बंद पडत गेले तशी तीही आटली. दरम्यान न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, घाऊक बाजार वाशीला आले, महापे-ऐरोलीत आयटी पार्क उभे राहिले आणि २०२५ मध्ये विमानतळ. कस्टम्सची कागदपत्रं, शीतगृह, ग्राउंड हँडलिंग, डेटा सेंटरची देखभाल ही कामं घरात कुणी केलेलीच नव्हती. मग उरल्या डॉक्टर, इंजिनिअर आणि 'काहीतरी आयटीत' एवढ्याच वाटा.

ही पोकळी ठाण्यात काही अंशी भरली ती डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये उभारलेल्या, मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या आयपीएच संस्थेने आणि तिच्या 'वेध' परिषदेने. वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं तिथे थेट मुलांसमोर बसून बोलू लागली. नजर रुंदावायला याचा उपयोग झाला. एकेका मुलाचा निर्णय मात्र सभागृहात होत नसतो.

सरकारी बाजूने मोठा प्रयोग म्हणजे २०१६ पासून काही वर्षं दहावीला घेतलेली कल चाचणी. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत कल दाखवला जाई. लाखो मुलांपर्यंत एका फटक्यात पोचणं ही कमाई खरीच. पण कल म्हणजे आवड. क्षमता ही वेगळी गोष्ट. अहवाल हातात पडला तरी तो समजावून सांगायला शाळेत माणूस नव्हता.

अहवाल वाचणं हे खरं कसबाचं काम. समजा, क्षमता-चाचणीच्या अहवालात संख्यात्मक क्षमता ७२ पर्सेंटाइल आणि अवकाशीय, म्हणजे आकार आणि जागेची जाण, ६६. पालक हे टक्के समजतात आणि 'गणितात फर्स्ट क्लास' म्हणतात. ७२ चा अर्थ एवढाच, की ज्या गटावर चाचणीचं प्रमाणीकरण झालं, म्हणजे ज्यांच्या गुणांवरून तुलनेची पट्टी ठरली, त्यातल्या शंभरांपैकी साधारण ७२ जण याच्या मागे आहेत. शिवाय मधल्या पट्ट्यात दोन-तीन प्रश्न इकडेतिकडे झाले की पर्सेंटाइल दहाने हलतं. टोकाला तसं नसतं: क्षमतेच्या मापात ९० ते ९७ हे अंतर ५० ते ६० पेक्षा दुपटीहून मोठं आहे. त्यामुळे ७२ आणि ६६ यांत भेद करणारा सल्ला म्हणजे निव्वळ अंदाज. त्यात प्रमाणीकरण वीस वर्षांपूर्वीचं किंवा इंग्रजी माध्यमाच्या मुलांवरचं असेल आणि समोर कळव्याच्या मराठी शाळेतली मुलगी असेल, तर शाब्दिक क्षमतेचा आकडा भाषेबद्दल जास्त बोलतो, बुद्धीबद्दल कमी. वेळ लावून घेतलेली चाचणी शाळा-क्लास आटोपून संध्याकाळी सातला दिली, की वेगाचे गुण घटतातच.

अशी चाचणी कुणीही विकू शकतं. करिअर समुपदेशकांसाठी आपल्याकडे स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. म्हणूनच बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी दुकानंही चालतात; त्याला शास्त्रीय आधार नाही. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा) १४२ क्रमांकाचा करार (१९७५) रोजगाराशी जोडलेलं मार्गदर्शन उभारायला सांगतो, भारताने त्याला २००९ मध्ये मान्यता दिली आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारचं नोकऱ्या आणि मार्गदर्शनासाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही आलं. कागदावर मार्गदर्शन आणि रोजगार आता एकत्र आहेत.

कमी पडतात ते तास. नीट काम करायचं तर एका मुलामागे किमान तीन बैठका लागतात: माहिती घेण्याची, चाचणीची, आणि आईवडिलांसह अहवालाची. शेवटची एका तासात उरकत नाही. तिच्यात फी, प्रवास आणि प्रवेशाचे नियमही यावे लागतात. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम असतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगा बाहेर. ठाण्यापलीकडच्या दिवा गावातल्या मुलाने नुसत्या नावावर भुलून दादरचं कॉलेज पहिलं टाकलं, तर रोजची लोकल त्याच्या गळ्यात पडते, शाखा कितीही योग्य निवडलेली असो.