सायकल हेल्मेट : माप व फिटिंग

सायकलवरून पडताना डोके जमिनीवर, पदपथाच्या कडेवर किंवा वाहनावर आपटल्यास आघाताची तीव्रता कमी करणारे, हनुवटीखाली पट्ट्याने बांधायचे शिरस्त्राण. रस्त्यावरील सायकलिंगसाठीचे हेल्मेट साधारणतः २०० ते ३०० ग्रॅम वजनाचे, लांबट झरोक्यांचे व पुढे छज्जा नसलेले असते. मानकांत नमूद केलेली संरक्षणक्षमता हेल्मेट जागेवर आहे असे धरूनच मोजलेली असल्याने प्रस्तुत नोंदीत ते डोक्याला नीट बसणे कशावर अवलंबून असते, याचा मुख्यतः विचार केला आहे.

पूर्वपीठिका : सायकल हेल्मेटचा उगम कोणता मानावा याविषयी एकमत नाही. १८८०च्या दशकात पुढचे चाक उंच असलेल्या सायकली प्रचारात होत्या. चाक अडखळले की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर पडे. त्या काळी काही स्वार भेंडाच्या टोप्या (सोला हॅट) वापरीत, असे उल्लेख आढळतात व काही लेखक तेच पहिले सायकल हेल्मेट समजतात. भेंड आघाताने चुरडते आणि चुरडताना ऊर्जा शोषते, हे पाहता हा दावा अगदीच निराधार नाही. तथापि या टोप्या मुळात उन्हापासून बचावासाठी बनवलेल्या होत्या. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात शर्यतीतील स्वार चामड्याच्या जाड, आत भरण घातलेल्या पट्ट्यांचे जाळीवजा शिरस्त्राण घालत. त्याने खरचटणे टळे. आघात शोषण्याची त्याची क्षमता मात्र नगण्य होती.

आघातशोषक शिरस्त्राणाचा शास्त्रीय विचार सायकलपेक्षा मोटारसायकलच्या संदर्भात आधी झाला. मोटारसायकल-अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्स (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) यांच्यावर १९३५ मध्ये अखेरचे उपचार करणाऱ्यांपैकी एक असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या मोटारसायकल-अपघातांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष या विषयातील आरंभीचे महत्त्वाचे लेखन समजले जाते. मोटारशर्यतीत मरण पावलेल्या पीट स्नेल यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या स्नेल प्रतिष्ठानने शिरस्त्राणांच्या चाचण्यांना पद्धतशीर रूप दिले.

१९७० च्या दशकाच्या मध्यास दोन हेल्मेटे जवळजवळ एकाच सुमारास पुढे आली. एमएसआर या अमेरिकी गिर्यारोहण-साहित्य कंपनीचे हेल्मेट गिर्यारोहकांच्या शिरस्त्राणावरून बेतलेले होते, तर १९७५ मधील बेल कंपनीचे ‘बेल बायकर’ खास सायकलस्वारांसाठी घडवलेले असून त्यात कठीण कवचाखाली विस्तारित पॉलिस्टायरिनचे, म्हणजे व्यवहारात ज्याला थर्माकोल म्हणतात त्याचे, अस्तर होते. आजच्या सायकल हेल्मेटांतील बहुसंख्य याच रचनेची वंशज असल्याने आधुनिक हेल्मेटचा आरंभ बेल बायकरपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर जाड कवच जाऊन हलकी हेल्मेटे आली. पुढे पॉलिकार्बोनेटचे पातळ कवच साच्यातच अस्तराशी एकजीव करण्याची पद्धत रूढ झाली.

फिटिंगच्या इतिहासात याहून मोठा बदल १९९०च्या दशकातला आहे. तोवर वेगवेगळ्या जाडीचे फोमचे तुकडे आत चिकटवून हेल्मेट डोक्याशी जुळवावे लागे. या दशकात डोक्याच्या मागच्या बाजूला धरून ठेवणारी समायोज्य पकड आली व नंतर ती फिरकीने आवळता येऊ लागली. यामुळे एकच कवच अनेक घेरांना चालू लागले. त्याचबरोबर आवळता आले म्हणजे बसले, असा समजही रूढ झाला.

कार्य : हेल्मेटचे काम डोके थांबण्याचे अंतर वाढवणे हे होय. दोन मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर असतो. अस्तर चुरडत जाऊन डोके २० मिलिमीटर अंतरात एकसारख्या मंदनाने (वेग घटण्याच्या दराने) थांबले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १०० पट (१०० जी) येते. तेच अंतर २ मिलिमीटर असल्यास ते सुमारे १,००० जी होईल. प्रत्यक्षात मंदन एकसारखे नसते व शिखरमूल्य याहून अधिक भरते. अमेरिकेत १० मार्च १९९९ पासून लागू असलेल्या सीपीएससी (ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) मानकानुसार हेल्मेट घातलेला डोक्याचा साचा सपाट ऐरणीवर २ मीटरवरून, तर अर्धगोल व पदपथाच्या कडेसारख्या ऐरणींवर १.२ मीटरवरून पाडतात आणि शिखर ३०० जीच्या वर जाता कामा नये. ईएन १०७८ या यूरोपीय मानकात आघाताचा वेग कमी (सपाट ऐरणीवर ५.४२ मी./से.), पण मर्यादा २५० जी अशी कडक आहे. दोहोंपैकी कोणते अधिक संरक्षक, हा प्रश्न म्हणूनच सरळ उत्तराचा नाही.

अस्तराच्या आत चिकटवलेल्या मऊ पट्ट्यांचा आघातशोषणात फारसा वाटा नसतो. घाम टिपणे व स्पर्श सुसह्य करणे एवढेच त्यांचे काम. मोठे हेल्मेट जाड पट्ट्या घालून घट्ट केल्यास ते डोक्यावर रुतल्यासारखे वाटते. परंतु तिरका धक्का बसताच या पट्ट्या दबतात व कवच सरकते.

घेर व आकार : हेल्मेटवर छापलेले माप म्हणजे डोक्याचा घेर. तो भुवयांच्या साधारण दोन सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून व मागच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागावरून मोजपट्टी आडवी नेऊन घेतात. चाचणीतील प्रमाणित साचेही घेरानेच ओळखले जातात : ए (५० सेंमी.), ई (५४), जे (५७), एम (६०) व ओ (६२). बाजारातील लहान-मध्यम-मोठे (एस-एम-एल) हे वर्गीकरण मात्र प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते, म्हणून अक्षरापेक्षा सेंटिमीटरच पाहावेत.

घेर सारखा असूनही दोन डोकी एकाच हेल्मेटमध्ये सारखी बसत नाहीत. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ आंदेर्स रेट्सियुस यांनी १८४०च्या दशकात मांडलेला शीर्षनिर्देशांक, म्हणजे डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणल्यास येणारी संख्या, येथे उपयोगी पडतो. ढोबळमानाने ७५ च्या खाली लांबट डोके व ८० च्या वर गोलसर डोके समजतात. (मानववंशांच्या प्रतवारीसाठी या निर्देशांकाचा जो वापर पुढे झाला तो शास्त्रदृष्ट्या टाकाऊ ठरला आहे, येथे तो केवळ मापापुरता घ्यावा.) ५७ सेंमी. घेराचे लांबट डोके गोल पोकळीत घातले तर कपाळ व मागची बाजू टेकते आणि कानशिलांजवळ पोकळी राहते. ती भरून काढण्यासाठी फिरकी आवळली की कपाळावरचा दाब वाढतो, पोकळी मात्र तशीच राहते. उलटपक्षी गोलसर डोक्याला अंडाकृती हेल्मेट कानशिलांवर चिमटते आणि पुढे-मागे डुलते. दोन्ही परिस्थितींत एक माप मोठे हेल्मेट घेणे हा उपाय नव्हे. त्याच मापाचे, पण वेगळ्या आकाराचे हेल्मेट शोधावे लागते.

साचे मुख्यत्वे पाश्चात्त्य डोक्यांच्या मापांवर आधारलेले असल्याचा आक्षेप जुना आहे. हाँगकाँगमधील रॉजर बॉल यांच्या साइझचायना प्रकल्पात चिनी प्रौढांच्या डोक्यांचे त्रिमितीय आलेखन झाले व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ती पाश्चात्त्य डोक्यांपेक्षा अधिक गोल, कपाळाशी व मागे अधिक सपाट आढळली. आता काही उत्पादक रुंद पोकळीची आवृत्तीही काढतात. तिला सरसकट ‘आशियाई’ म्हणणे बरोबर नाही, कारण एकाच समाजातही डोक्यांच्या आकारांत पुष्कळ विविधता असते.

नीट बसलेले हेल्मेट आडवे राहते व त्याची पुढची कड भुवयांच्या वर सुमारे दोन बोटांवर येते. पट्टा न बांधता, केवळ मागची पकड आवळून डोके खाली झुकवले तरी ते घसरत नाही. हाताने हलवल्यास कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलते; कवच कातडीवरून सरकत असेल तर ते सैल होय. मागची पकड डोक्याच्या मागील हाडाच्या उंचवट्याखाली बसली पाहिजे. ती वर राहिल्यास कितीही आवळली तरी हेल्मेट पुढून वर उचलले जाते. दाब सर्वत्र सारखा असावा. एकाच जागी पाच-दहा मिनिटांत जाणवू लागलेला दाब तासाभराच्या प्रवासात डोकेदुखी आणतो. बाह्य दाबाने होणारी डोकेदुखी हा प्रकार डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही नोंदलेला आहे. दुकानात थोडा वेळ हेल्मेट डोक्यावर ठेवून पाहावे, या सल्ल्यामागील कारण हेच.

रस्त्यावरील सायकलस्वारांची एक अडचण सामान्य मार्गदर्शनात सहसा येत नाही. वाकड्या हँडलचा खालचा भाग धरला की धड पुढे झुकते, चेहरा जमिनीकडे वळतो आणि रस्ता पाहण्यासाठी डोळे वर फिरवावे लागतात. उभ्याने बरोबर वाटलेली पुढची कड अशा वेळी नजरेच्या आड येऊन रस्ता झाकते व मागची कड मानेला टोचते. त्रासलेला स्वार हेल्मेट मागे सारतो आणि कपाळ उघडे पडते. या प्रकारच्या हेल्मेटला छज्जा नसतो तो बव्हंशी यामुळेच. हेल्मेट निवडताना प्रत्यक्ष चालवण्याच्या स्थितीत वाकून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. चष्म्याच्या काड्या, बांधलेले केस व थंडीतील पातळ टोपी यांसहही ते बसवून पाहावे.

पट्टे : दोन्ही बाजूंचे पुढचे-मागचे पट्टे कानाच्या पाळीखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे जुळावेत. बक्कल लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटे जावीत आणि मोठी जांभई दिल्यास हेल्मेट माथ्यावर खाली ओढले जावे. सीपीएससी मानकात ४ किग्रॅ. वजन ०.६ मी. उंचीवरून सोडून पट्ट्याला हिसका देतात. पट्टा ३० मिमी.पेक्षा अधिक ताणला जाता कामा नये. हेल्मेट डोक्यावरून निसटते का, याचीही स्वतंत्र चाचणी असते. परंतु ती साच्यावर पट्टे काळजीपूर्वक जुळवून घेतात. प्रत्यक्ष वापरात तशी काळजी क्वचितच घेतली जाते.

तिरका आघात : मेंदूच्या इजेत परिवलनी गतीचा (डोके झटक्याने फिरण्याचा) वाटा मोठा असतो, हे ऑक्सफर्डचे भौतिकीविज्ञ ए. एच. एस. हॉलबर्न यांनी १९४३ मध्ये मांडले. वर उल्लेखिलेल्या चाचण्या मात्र सरळ आघाताच्याच आहेत. स्वीडनमधील हान्स फॉन होल्स्ट व पेटर हाल्डिन यांनी विकसित केलेल्या मिप्स (बहुदिशीय आघात-संरक्षण प्रणाली) योजनेत अस्तराच्या आत कमी घर्षणाचा थर असून तो आघाताच्या वेळी १० ते १५ मिमी. सरकतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून तिरक्या आघातांवर आधारित गुणांकन प्रसिद्ध करते. या थरामुळे पोकळी किंचित बदलते, तेव्हा त्याच मापाचे व नावाचे साधे हेल्मेट बसले म्हणून मिप्सचेही बसेलच असे नाही.

परिणामकारकता : सिॲटल येथील १९८९ च्या अभ्यासात हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो असे म्हटले होते. हा आकडा दीर्घकाळ उद्धृत होत राहिला, परंतु तुलनेचे गट समान नव्हते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. ऑलिव्हिए व क्रेटन यांच्या ४० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१६) डोक्याच्या इजेची शक्यता ५१ टक्क्यांनी, तर गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हे आकडे इजा झालेल्या स्वारांमधील तुलनेचे आहेत, हे लक्षात घेऊनही ते अधिक विश्वसनीय वाटतात. फिटिंगचा वेगळा विचार करणारे अभ्यास थोडेच आहेत. मुलांविषयीच्या १९९९ च्या एका अभ्यासात हेल्मेट नीट न बसणाऱ्यांना डोक्याच्या इजेचा धोका जवळजवळ दुप्पट (१.९६ पट) आढळला. इजा झालेल्या मुलांची हेल्मेटे डोक्यापेक्षा लक्षणीय रुंद होती.

सक्ती : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून, तर न्यूझीलंडने १९९४ पासून हेल्मेट सक्तीचे केले. सक्तीमुळे सायकल चालवणेच घटते काय, यावर मतभेद आहेत. व्यावसायिक शर्यतींत १९९१ मधील सक्तीचा प्रयत्न स्वारांच्या विरोधामुळे फसला. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत पडून आंद्रेई किविलेव्ह यांचा मृत्यू झाल्यानंतर त्याच वर्षी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ती लागू केली. आरंभी शेवटच्या चढावर हेल्मेट काढण्याची सवलत होती. ती नंतर रद्द झाली.

बदल : एकदा चुरडलेले अस्तर पूर्ववत होत नाही व कवचाखालची चीर बाहेरून दिसेलच असे नाही, म्हणून डोके आपटल्यानंतर हेल्मेट बदलतात. न आपटलेल्या हेल्मेटसाठी ५ ते १० वर्षे अशी मर्यादा सुचवली जाते. अस्तराच्या आधी बहुधा आतल्या पट्ट्या, फिरकी व बक्कल निकामी होतात. यांपैकी आतल्या पट्ट्या बऱ्याचदा सुट्या मिळतात. मात्र त्या मूळच्याच जाडीच्या घ्याव्या लागतात.