घास अंगाला का लागत नाही?

परळमधल्या एका ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर एक आई ६ वर्षांच्या मुलीला भरवत होती. सकाळची बदलापूर लोकल पकडून आलेली. डब्यात वरणभात, अगदी पातळ कालवलेला. मुलगी मांडीवर आडवी, मान मागे कललेली. चमचा तोंडात गेला की जीभ घास बाहेर ढकलायची, निम्मं हनुवटीवरून रुमालात. पाऊण तास झाला तरी डबा अर्धा भरलेलाच. "दिवसभर खातच असते हो, पण अंगाला लागत नाही," आई म्हणाली.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांच्या घरी हेच ऐकू येतं. पण अंगाला लागायला घास आधी पोटात जायला हवा. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा, आणि ती हातापायांइतकीच जीभ, ओठ, जबडा आणि घशावरचा ताबाही बिघडवते. घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकमेकींना छेदते. गिळताना श्वासाकडचं फाटक क्षणभर बंद व्हावं लागतं, आणि या मुलांत ते उशिरा पडतं. पाण्यासारखे पातळ पदार्थ तेवढ्यात निसटून श्वासनलिकेत उतरतात. मान मागे असेल तर आणखी सहज. कधीकधी ठसकाही लागत नाही. कळतं ते वारंवार न्यूमोनिया झाल्यावर.

म्हणजे मायेने पातळ केलेला भात दोन्हीकडून नडतो. गिळायला धोक्याचा, आणि पाण्याने पोट भरून उष्मांक कमी. त्याच भातात चमचाभर तूप घातलं तर साधारण ४५ कॅलरी वाढतात, आकार जवळजवळ तेवढाच राहतो. खिमट, नाचणीसत्त्व, कुस्करलेलं केळं हे आपल्याकडचे दाटसर पदार्थ त्यासाठी सोयीचे. मात्र किती दाट, हे थेरपिस्टने मुलाचं गिळणं पाहून ठरवायचं असतं.

वाढ मोजणंही सोपं नाही. पाय आखडलेले, पाठ वाकडी. मूल भिंतीला टेकवून उभं करायचं कसं? मग टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची घेतात. १९९५ साली स्टीव्हनसन यांनी मांडलेलं सूत्र असं: ती सेंटिमीटरमध्ये मोजायची, २.६९ ने गुणायची, २४.२ मिळवायचे. या मुलीचं माप ३० भरलं, म्हणजे उंची सुमारे १०५ सेंटिमीटर. या वयाच्या सरासरीपेक्षा १० ने कमी. सगळा दोष ताटाचा नाही. पायांवर भार न पडणं, मेंदूची इजा यांचाही त्यात वाटा असतो. फिट्सच्या काही औषधांनी ड जीवनसत्त्व घटतं आणि हाडं ठिसूळ होतात, ते वेगळंच. बद्धकोष्ठता आणि आंबट उलट्याही भूक मारतात.

उलट टोकही आहे, गरजेपेक्षा जास्त भरवलं जाण्याचं. न चालणाऱ्या मुलाला समवयस्कांच्या ६० ते ७० टक्के उष्मांक अनेकदा पुरतात, तर अंग सतत वेडंवाकडं हलणाऱ्याला जास्त लागतात. म्हणून नुसता वजनकाटा फसवा. दंडामागच्या कातडीची घडी चिमट्यात धरून चरबी मोजलेली बरी.

तोंडाने पुरेसं जातच नसेल तर डॉक्टर थेट जठरात नळी बसवायला सुचवतात. आया बिचकतात, ते स्वाभाविक आहे. पण गिळणं सुरक्षित असेल तर नळीसोबत चवीपुरतं तोंडाने देता येतं. नळीवर वजन भराभर वाढलं तर ती चरबी की स्नायू, हे मात्र पाहावं लागतं.

त्या दुपारी थेरपिस्टने मुलीला खुर्चीत सरळ बसवलं, पायांखाली पाट, हनुवटी किंचित खाली. पुढचा घास दाट कालवून, लहान चमच्याने, समोरून. डबा तेव्हाही संपला नाही. रुमाल मात्र कमी भिजला.