फोन चार्ज होतो म्हणजे नक्की काय भरतं?

परवा भाचीने विचारलं, मामा, फोन फुल चार्ज झाला की जड होतो का रे? मला प्रश्न फार आवडला, कारण चार्ज या शब्दाच्या मुळातच ओझं आहे. लॅटिनमध्ये कार्रुस म्हणजे चाकांची गाडी, तिच्यात माल लादणे यावरून चार्ज आला (कार आणि कार्गो त्याचेच भाऊबंद). मग आरोप लादला की चार्जशीट, पैशाचा बोजा पडला की सर्व्हिस चार्ज, आणि नवीन साहेब आले की त्यांनी 'चार्ज घेतला'. आपल्याकडे पण बघा ना, पदभार, प्रभारी, शाळेतला विद्युत प्रभार, सगळीकडे भार आहेच.

बंदुकीत दारू ठासायची त्यालाही चार्जच म्हणायचे. 1740 च्या दशकात लायडन जार आली, म्हणजे आतून बाहेरून धातूचा पत्रा लावलेली काचेची बरणी, आणि तीही 'चार्ज' व्हायला लागली. पण बेंजामिन फ्रँकलिनने दाखवलं की आत जेवढी वीज भरते तेवढीच बाहेरच्या पत्र्यातून निघून जाते. बेरीज शून्य!

फोनच्या बॅटरीतही तेच. चार्जर बॅटरीच्या एका टोकाच्या कोबाल्ट ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन ओढून बाहेरच्या वाटेने दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटकडे ढकलतो (ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलंच), कारण मधल्या द्रवातून इलेक्ट्रॉनला वाट नाही. लिथियमच्या आयनांना (म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) मात्र आहे, ते आतून तिकडेच सरकतात आणि ग्राफाइटच्या थरांत सहा कार्बनमागे एक असे जाऊन बसतात. एक इलेक्ट्रॉन ऋण, एक आयन धन, हिशोब जागच्या जागी फिटतो, म्हणून फुल चार्ज बॅटरीतही एकूण प्रभार शून्यच. साठते ती ऊर्जा, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवलेल्या पाण्यासारखी, वाट मिळाली की लिथियम परत खाली यायलाच बघतं. बॅटरीवर लिहिलेले 5000 एमएएच म्हणजे 18,000 कूलोम (कूलोम हे प्रभार मोजायचं एकक) इकडून तिकडे, त्यासाठी जेमतेम 1.3 ग्रॅम लिथियम सरकतं.

म्हणूनच पौर्णिमेच्या चांदण्यात 'चार्ज केलेले' खडे विकतात ना, तेव्हा राग येतो. कुठून कुठे काय सरकलं ते सांगा की! दगड रात्रभर गच्चीवर पडून फक्त गार होतो, आणि लोक त्याचे हजारो रुपये मोजतात.

भाचीने शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. फोन 12 टक्क्यांवर असताना 194 ग्रॅम, दोन तासांनी 100 टक्के झाल्यावर 194 ग्रॅम.