लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आणि मागच्या चाकांची ग्रिप

लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, ज्याला बोलताना सगळे एलएसडीच म्हणतात, हा डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांच्या जोडणीचा, असा प्रकार आहे की एक चाक जागेवर फिरायला लागलं तरी दुसऱ्या चाकाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, जात नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पॉवरफुल गाडीत याची किंमत जास्त कळते, कारण वळणातून बाहेर निघताना ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं झालेलं असतं आणि तेच आधी सुटतं, म्हणजे पकड सोडून जागेवर फिरतं.

मुळात डिफरेन्शियल लागतोच कशाला, तर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून. दोन चाकांमधे १.५ मीटर अंतर असलेली गाडी १० मीटर त्रिज्येच्या वळणात घातली तर आतलं चाक ९.२५ मीटरच्या वर्तुळावर चालतं आणि बाहेरचं १०.७५ च्या, म्हणजे बाहेरच्याला साधारण १६ टक्के जास्त फिरावं लागतं. साधा म्हणजे ओपन डिफ हे काम मस्त करतो. पण "ओपन डिफ सगळा टॉर्क स्पिन होणाऱ्या चाकाला देतो" असं जे सर्रास लिहिलेलं दिसतं ते चूक आहे, तो दोन्ही बाजूंना कायम जवळजवळ सारखाच टॉर्क देतो आणि गोची तिथेच आहे. आतलं चाक २०० न्यूटन मीटरला सुटत असेल तर बाहेरच्यालाही २०० च मिळणार, एकूण ४००, मग पुढे इंजिन कितीही मोठं असो.

रेसिंगवाल्यांना हा त्रास लवकर जाणवला. फर्डिनांड पोर्शे यांनी डिझाइन केलेल्या ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीत ताकद एवढी होती की चांगल्या स्पीडलाही मागचं एक चाक स्पिन व्हायचं, म्हणून १९३५ मधे झेडएफ कंपनीकडून खास डिफ करून घेतला गेला. रस्त्यावरच्या गाड्यांत अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने १९५६ मधे ट्विन ट्रॅक्शन नावाने तो आणला, आणि शेवरलेचा पॉझिट्रॅक्शन तर तिकडे इतका गाजला की लोक कुठल्याही एलएसडीला पॉझी म्हणायला लागले.

जुना आणि अजूनही ट्रॅकवाल्यांचा आवडता प्रकार म्हणजे क्लच प्लेटवाला. यात स्पायडर गिअरचा, म्हणजे डिफच्या मधल्या छोट्या गिअरांचा, शाफ्ट दोन प्रेशर रिंगांच्या तिरक्या खाचेत बसलेला असतो, टॉर्क आला की शाफ्ट त्या उतारावर चढू बघतो, रिंगा बाहेर ढकलल्या जातात आणि प्लेटा दाबल्या जाऊन दोन्ही ॲक्सल, म्हणजे चाकांकडे जाणारे दांडे, एकमेकांशी जखडतात. उतार फक्त ॲक्सिलरेटरच्या बाजूला असेल तर वन-वे, दोन्हीकडे सारखा असेल तर टू-वे, आणि ॲक्सिलरेटर सोडतानाच्या बाजूला कमी असेल तर वन पॉइंट फाइव्ह. टू-वे ब्रेक मारत वळणात शिरताना गाडी स्थिर ठेवतो पण तीच गाडी मग वळायलाही कंटाळा करते, नाक बाहेर जातं. ड्रिफ्टवाल्यांना तो आवडतो, बाकीच्यांनी वन पॉइंट फाइव्हवर थांबलेलं बरं. शिवाय प्लेटा आधीच थोड्या दाबून ठेवायला स्प्रिंग असते, त्याला प्रीलोड म्हणतात. पार्किंगमधे फुल स्टिअरिंग वळवून हळू फिरताना मागून कटकट आवाज येतो तो प्लेटा चिकटत-सुटत असल्याचा, फ्रिक्शन मॉडिफायरवालं गिअर ऑइल घातलं की बराच कमी होतो, पण प्लेटा झिजतात आणि कधीतरी उघडावं लागतंच.

दुसरा मोठा प्रकार गिअरवाला, त्यात टॉर्सन सगळ्यात प्रसिद्ध. व्हर्नन ग्लीझमन यांचं मूळ पेटंट १९५८ चं. यात प्लेटा नाहीत, तिरक्या दातांच्या गिअरांचं आपसातलं घर्षणच काम करतं, त्यामुळे झीज नगण्य आणि स्वभाव एकदम मवाळ. याचा हिशोब टॉर्क बायस रेशोने, म्हणजे पकड असलेल्या चाकाला सुटणाऱ्या चाकाच्या कितीपट टॉर्क मिळू शकतो त्याने, करतात: रेशो २.५ असेल आणि आतलं चाक २०० ला सुटत असेल तर बाहेरच्याला ५०० पर्यंत मिळू शकतात, एकूण ७००. मात्र आतलं चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्य गुणिले अडीच शून्यच, प्रीलोड नसेल तर टॉर्सन ओपनसारखाच वागतो. अशा वेळी डाव्या पायाने हलका ब्रेक दाबला की हवेतल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि डिफ जागा होतो.

व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचं दाट द्रव असतं, चाकांच्या वेगात फरक पडल्यावरच ते पकडतं म्हणजे उशिराच, आणि तापून कालांतराने ढिलं पडतं. हल्ली कंप्युटरने क्लच दाबणारे डिफ येतात, फेरारीने २००४ च्या एफ४३० मधे दिला तो ई-डिफ याच जातीचा. नुसता ब्रेक लावून स्पिन थांबवणारी सिस्टिम स्वस्तात काम भागवते खरी पण ताकद ब्रेकमधे उष्णता होऊन जाते आणि ट्रॅकवर ब्रेक तापतात.

गाडीत काय बसलंय हे बघायचं असेल तर दोन्ही मागची चाकं उचलून स्टँडवर ठेवायची, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, पुढच्या चाकांना अडण, आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट फिरलं तर बहुधा ओपन, सोबत फिरलं तर प्लेटवाला. टॉर्सन मात्र इथे चकवतो, तो उलटही फिरू शकतो. एलएसडीवाल्या गाडीचं एकच चाक उचलून गिअर टाकायचा प्रयोग चुकूनही करू नये, जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली ओढतं.

आणि मुख्य गोष्ट, एलएसडी ग्रिप तयार करत नाही, असलेली वापरतो. टायर टणक झालेले असतील तर कुठलाही डिफ घाला, फरक थोडाच. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेला दांडा) फार कडक असेल तर तोच आतलं चाक उचलतो, तो नरम केला की बऱ्याचदा नवीन डिफइतका फायदा फुकटात मिळतो. सॉलिड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या, गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे डिफपर्यंत येणाऱ्या दांड्याचा) पीळ अख्ख्या ॲक्सलला फिरवू बघतो, त्यामुळे सरळ रेषेत उठतानाही बहुतेक गाड्यांत उजवं मागचं चाक हलकं होऊन काळा पट्टा एकाच बाजूला उमटतो. इंडिपेंडंट सस्पेन्शनमधे डिफ बॉडीला बांधलेला असल्याने हा त्रास नाही. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश गेलेले असतील तर चाक आपटत उड्या मारतं, तेव्हा आधी बुश बदला.

नवीन एलएसडी बसवल्यावर पावसात मात्र सांभाळून. ओपन डिफमधे आतलं चाक सुटलं तरी बाहेरचं मागची बाजू धरून ठेवतं, एलएसडीत दोन्ही एकदम सुटू शकतात आणि शेपूट बाहेर येतं ते पहिल्यापेक्षा झटक्यात.