ऑपरेशननंतर पेशंट हलवताना ऑक्सिजन कमी होणं

ऑपरेशन झाल्यावर पेशंटला ट्रॉलीवर घालून ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) रिकव्हरी रूममध्ये नायतर वॉर्डात नेतात, त्या चार-पाच मिनिटांत रक्तातला ऑक्सिजन खाली येऊ शकतो, याला डॉक्टर लोक हायपोक्सिमिया म्हणतात. बोटाला लावायच्या क्लिपवर (पल्स ऑक्सिमीटर) एरवी ऑक्सिजनचा आकडा ९५ ते १०० टक्के असतो, ९० च्या खाली गेला की धोका.

कारणं बरीच आहेत. भुलीत फुफ्फुसाचा खालचा भाग दबलेला असतो, स्नायू ढिले करायचं औषध कधी पूर्ण उतरलेलं नसतं, वेदनेच्या इंजेक्शननं श्वास मंद होतो, पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन असेल तर दुखतं म्हणून माणूस खोल श्वासच घेत नाही. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरला असेल तर तो बंद केल्यावर रक्तातून परत फुफ्फुसात येतो आणि काही मिनिटं ऑक्सिजनची जागा अडवतो. थंडीनं कुडकुडलं की शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. लठ्ठ माणसं, बिडी-सिगारेटवाले आणि लहान लेकरं यांचा आकडा लवकर पडतो.

पण खरा घात जिभेचा. संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल असो, अंबाजोगाईचं स्वाराती हॉस्पिटल असो की तालुक्याचा खाजगी दवाखाना, ओटीच्या दाराशी नातेवाईक उभेच असतात, ट्रॉली आली की म्हणतात, "घोरायलाय, गाढ झोप लागली, उठवू नका." ते घोरणं म्हणजे जीभ मागं पडून वाट अर्धी बंद झालेली असते, आणि पूर्ण बंद झाली की आवाजच येत नाही, नुसतं पोट वर येतं आणि छाती आत जाते. तेव्हा हनुवटी वर उचलायची, जबडा पुढं ओढायचा, इतक्यानं पण बऱ्याचदा श्वास सुरू होतो. ओठ निळे पडायची वाट बघू नये, तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

म्हणून निघायच्या आधी सिलिंडरचा काटा बघायचा, मास्क लावायचा, आणि क्लिप बोटावरच ठेवायची. हे यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये मांडलं, त्याआधी बहुतेक करून डोळ्यावरच भरवसा होता. तरी क्लिपवरच विसंबू नये: हात गार असला किंवा नखाला गडद नेलपॉलिश असलं की आकडा चुकतो, आणि मास्क चालू असताना श्वास मंदावला तरी आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. ट्रॉली मामा ढकलतात, पण भूलतज्ज्ञ किंवा सिस्टर डोक्याशीच पाहिजे, नजर छातीवर, आणि वॉर्डात पोचल्यावर तिथल्या सिस्टरला आकडा दाखवूनच क्लिप काढायची.