जुनं कपाट दिलं म्हणून कर वाचत नाही

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की इंदिरानगर असो नाहीतर पंचवटी, नाशिकमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "जुनं सामान संस्थेला द्या, पावती घ्या, ८०जीमध्ये कर वाचेल."

तसं होत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०जी वजावट देतं ती फक्त पैशांच्या देणगीवर. कपाट, मिक्सर, गोधड्या यांची किंमत पावतीवर लिहून आणली तरी ती धरली जात नाही. रोख देणगीसुद्धा २,००० रुपयांपर्यंतच चालते. त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावटच नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पावतीच्या आशेनं लोक काहीही बांधून देतात. आमच्या सोसायटीत गोळा झालेल्या सामानात रिंग नसलेला कुकर निघाला, आणि वायर जळून काळी पडलेली इस्त्री. ती कुणी प्लगमध्ये लावली असती तर? इस्त्री आम्ही भंगारात दिली. कुकरला नवी रिंग घातली, पाणी ठेवून शिट्टी होते का पाहिलं, मगच पुढे पाठवला.