हमिंग (गावाकडच्या घरगुती स्टुडिओतलं)

हमिंग म्हणजे स्पीकरमधून किंवा हेडफोनमधून सतत येत राहणारा 'घूंऽऽ' आवाज, कीबोर्ड वाजवा नाहीतर हात बांधून बसा, तो चालूच, आणि रेकॉर्डिंग केलं की गाण्याखाली जाऊन बसतो तो वेगळाच. घरी लॅपटॉपवर म्युझिक करणाऱ्या कोणालाही हा कधी ना कधी भेटतो, पण विदर्भातल्या खेड्यात त्याचा मुक्काम जरा जास्तच असतो आणि त्याला पक्की कारणं आहेत. "भाऊ, हमिंग मारून राहिलं, इंटरफेस गेला वाटते" असं पोट्टे सांगून मोकळे होतात आणि मग नवीन घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. इंटरफेस (माईक-वाद्यांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष असतो लाइनीत, अर्थिंगमध्ये नाहीतर केबलमध्ये, म्हणून नव्या मशीनवर कापसाचे पैसे घालायच्या आधी बोर्डाच्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकात वायर आलीय का ते बघावं.

गावचा स्टुडिओ म्हणजे काय

घरातली एक खोली, बरेचदा धान्याची नाहीतर कापूस ठेवायची, त्यात लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक माईक, एक छोटा मिडी कीबोर्ड (स्वतः वाजत नाही, कोणती पट्टी दाबली ते लॅपटॉपला कळवतो) आणि दोन स्पीकर, एवढ्यात काम सुरू होतं. सॉफ्टवेअर बहुतेकांचं एफएल स्टुडिओ, जे १९९७ मध्ये फ्रुटीलूप्स नावानं बेल्जियममधून आलं होतं, काही जण रीपर नाहीतर फुकट मिळणारं एलएमएमएस वापरतात. काम कसलं येतं तर १४ एप्रिलसाठी भीमगीतांचे मिक्स, गणपती-दुर्गेचे डीजे ट्रॅक, धुमाल पार्टीसाठी (मिरवणुकीतला वाजंत्री ताफा) बीट, खंजिरी भजनाच्या मंडळाचं रेकॉर्डिंग (राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी, १९०९ ते १९६८, गावोगावी नेलेली ही भजनं अजून जोरात म्हटली जातात), आणि पूर्वेकडे गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा सिझन लागला की त्याचंही म्युझिक. ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा आठ पॅडांचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, जो रोलँडनं १९८५ मध्ये आणला, तो अजून या सगळ्याचा कणा आहे, आणि तो थेट इंटरफेसला लावला की हमिंगची पहिली ओळख बहुधा तिथंच होते.

आवाज कानानं ओळखणं

आपली लाइन २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतो. म्हणून हमिंग दोन जातींचं असतं आणि हा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं काम झालं. पहिली जात ५० हर्ट्झची, खोल, गोलसर, ट्रान्सफॉर्मरजवळ केबल गेली, माईकच्या केबलची शिल्ड (आतल्या वायरीभोवतीची जाळी) तुटली किंवा ग्राउंड लूप (तो काय ते खाली सांगतो) झाला की येते. दुसरी जात १०० हर्ट्झची, जरा खरबरीत, 'घर्रर्र' अशी, ती मशीनच्या आतल्या पॉवर सप्लायमधून येते, कारण रेक्टिफायर करंटची खालची लाट उलटी करून वर आणतो आणि ५० चे १०० होतात. कानाला खात्री नसली तर शांत खोलीत दहा सेकंद रेकॉर्ड करून इक्वलायझरच्या ग्राफवर बघा. ५०, १५०, २५० वर शेंडे उभे असतील तर संशय बाहेरच्या लाइनीवर आणि केबलवर, १००, २००, ३०० वर असतील तर मशीनच्या पोटात. एक सांगून ठेवतो, ५० हर्ट्झ हा स्वर कीबोर्डवरच्या खालच्या जी च्या जवळ पडतो, त्याची फ्रिक्वेन्सी ४९, म्हणून त्या पट्टीतल्या गाण्यात हमिंग बेससारखं लपून जातं आणि मोठ्या डीजेच्या बॉक्सवर वाजलं की मगच सगळ्यांना ऐकू येतं.

अर्थिंग आणि काळी माती

खेड्यातल्या बऱ्याच घरांत थ्री-पिनचा बोर्ड असतो पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं, भोक नुसतं शोभेचं. वायरिंग करताना दोन वायरी ओढल्या की बल्ब पेटतो, पंखा फिरतो, मग तिसरीचं कोणाला पडलंय. पण लॅपटॉपच्या चार्जरमध्ये, आणि स्विचिंग सप्लायवाल्या जवळजवळ सगळ्याच मशीनमध्ये, एक छोटा कपॅसिटर असतो जो लाइनीचा अगदी थोडा करंट बाहेरच्या बॉडीवर आणून सोडतो. अर्थ असली तर तो जमिनीत जातो आणि कोणाला कळतही नाही. नसली तर बॉडी तरंगत राहते, मल्टिमीटर लावला तर ८०-१०० व्होल्टसुद्धा दिसतात. करंट अतिशय कमी असल्यामुळे जीवाला धोका नसतो पण लोखंडी टेबलाला किंवा लॅपटॉपच्या कडेला मनगट घासलं की झिणझिण्या येतात, माईकच्या जाळीला ओठ लागले की टोचतं, आणि तोच करंट केबलच्या शिल्डमधून फिरून 'घूं' करतो. मात्र झिणझिण्यांऐवजी खरा झटका बसत असेल तर तो कपॅसिटरचा करंट नसतो, कुठंतरी फेज बॉडीला लागलाय, आणि त्या दिवशी गाणं बाजूला ठेवून मेन स्विच पाडायचा.

दुसरी भानगड उलटी आहे, अर्थ जास्त झाल्याची. मिक्सर एका खोलीच्या बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्या खोलीच्या बोर्डावर, आणि दोन्हीकडच्या अर्थचा व्होल्टेज थोडासा वेगळा. मग दोघांमधल्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून करंट वाहायला लागतो, उतार मिळाला की पाटाचं पाणी कोणत्याही सरीत शिरतं तसा, आणि यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय सोपा आहे, सगळं सामान एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशनवरून चालवा. घरगुती स्टुडिओचा एकूण लोड थोडकाच असतो, एक ५ किंवा ६ अँपिअरचा पॉइंट सहज उचलतो. लूप तोडायला कोणीतरी सल्ला देतं की प्लगची अर्थ पिन कापून टाक किंवा तिच्यावर टेप लाव, आणि हमिंग खरंच जातं म्हणून हा सल्ला पसरतो. हे कधीही करू नका. आतमध्ये एक वायर सुटून बॉडीला लागली की तो अँप्लिफायर हात लावणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. लूप तोडायचाच तर ऑडिओच्या बाजूनं तोडा, ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स लावून (दोन मशीन तारेनं थेट न जोडता सिग्नल पुढे नेणारे डबे). स्वस्त आयसोलेटरमध्ये बेस थोडा जातो, तेवढं चालवून घ्यावं.

आता काळी माती. कापसाच्या पट्ट्यातली ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, अर्थचा रॉड किंवा पाईप मातीपासून सुटतो, वर माती कोरडी पडल्यामुळे तिचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून जो स्टुडिओ दिवाळीत गप्प असतो तोच एप्रिल-मेमध्ये भुणभुण करायला लागतो आणि पोरगं बिचारं केबलवर केबल बदलत बसतं. वायरमन लोक जुन्या पद्धतीनं साधारण अडीच मीटर लांबीचा जीआय पाईप खड्ड्यात उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात, अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पाईपचं हेच माप दिलेलं आहे, आणि वर पाणी घालायला तोंड ठेवतात. खड्डा कूलरच्या किंवा न्हाणीच्या पाण्याच्या बाजूला घेतला तर ओल टिकते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतलं तरी बऱ्याच ठिकाणी फरक ऐकू येतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन पाडणारा स्विच) बसवून घ्या, हे ऑडिओसाठी नाही, घरातल्या लेकरांसाठी.

गावाकडचे बाकीचे आवाज

व्होल्टेज हा मोठा विषय. ओलिताच्या दिवसांत मोटारी चालू झाल्या की डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येतो आणि घरात १७० च्या आसपास व्होल्ट उतरू शकतात. लॅपटॉपच्या चार्जरला काही फरक पडत नाही, तो १०० ते २४० मध्ये चालतो. पण जुना मिक्सर किंवा अँप्लिफायर, ज्यात जड ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा आतला रेग्युलेटर व्होल्टेज पुरत नाही म्हणून सोडून देतो आणि तेव्हा ती १०० हर्ट्झवाली घरघर सुरू होते. मोटारी बंद झाल्यावर रात्री सगळं आपोआप नीट. ज्याला हे माहीत नाही तो मिक्सर रिपेरिंगला देऊन येतो, तिथं चांगली लाइन असल्यामुळे तो नीट वाजतो, आणि परत घरी आणला की पुन्हा घरघर. न्यूट्रल तुटला तर मात्र उलटं होतं, सिंगल फेजच्या घरात ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात, बल्ब एकदम लख्ख पेटला की धावत जाऊन मेन पाडावा.

इन्व्हर्टर घेताना सायनवेव्ह घ्या. स्क्वेअरवेव्हवाल्यावर पंखासुद्धा गुरगुरतो, ऑडिओत तर करवतीसारखी कड येते. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ज्यात ट्रायॅक असतो, तो मधल्या स्पीडवर गिटारच्या पिकअपमध्ये जबरदस्त घरघर टाकतो, त्याऐवजी खटक्याचा कपॅसिटरवाला लावला की प्रश्न मिटतो. कूलर सुरू-बंद करताना स्पीकरमध्ये 'टक्' होतं ते मोटरच्या कॉइलचं. आणि कूलर चालू असताना माईकवर रेकॉर्डिंग करायचं नाही, मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे पण इलाज नाही, एक टेक, मग कूलर, मग परत टेक.

एक आवाज शहरातल्या पुस्तकात सापडणार नाही. साधारण सेकंदा-सेकंदाला येणारी 'टिक्… टिक्… टिक्…', जणू कोणी मेट्रोनोम लावून ठेवलंय. ते शेतातलं झटका मशीन असतं, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) हाकलायला कुंपणाच्या तारेत सोडलेला क्षणभराचा मोठ्या व्होल्टेजचा ठोका. तार गवताला लागलेली असली, इन्सुलेटर फुटलेला असला किंवा मशीनची अर्थ कच्ची असली की ठिणग्या उडतात आणि त्या लांब, बिना-बॅलन्सच्या (साध्या दोन वायरींच्या) केबलीत उतरतात. घराला लागून वावर असेल तर आधी कुंपणावरून एक चक्कर मारून या. तारेत थेट घरची लाइन सोडणं हा वेगळा प्रकार आहे, तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत.

शोधायची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार केबली एकदम हलवल्या आणि आवाज गेला तर काहीच शिकायला मिळत नाही, पुढच्या आठवड्यात तो परत येतो. सगळ्यात आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. हमिंग गेलं तर चार्जर आणि अर्थ एवढ्यातच गुन्हेगार आहे (माऊस हलवला की येणारी बारीक चिरचिरही इथंच पकडली जाते). गेलं नाही तर स्पीकरच्या मागची ऑडिओ केबल उपटा. तरीही येत असेल तर स्पीकर किंवा त्याचा प्लग, थांबलं तर दोष त्याच्या मागे कुठंतरी आहे. मग इंटरफेसच्या इनपुटमधल्या पिना एक-एक करून काढा. ऑक्टोपॅड काढल्यावर शांत झालं ना, आता ऑक्टोपॅडची केबल दुसरी लावून बघा, मग त्याचा अडाप्टर दुसऱ्या बोर्डावरून इकडच्या बोर्डावर आणा. दहा मिनिटांत एक माणूस एकटा हे करू शकतो.

बॅलन्स केबल, म्हणजे तीन वायरींची एक्सएलआर किंवा तीन भागांची मोठी पिन, जिथं जिथं चालते तिथं वापरा. त्यात एकच सिग्नल सरळ आणि उलटा असा दोनदा जातो, वाटेत चिकटलेला आवाज दोन्हींवर सारखाच असतो, म्हणून पुढे वजाबाकीत तो उडून जातो. ऑक्टोपॅड-गिटारच्या साध्या केबलीत ही सोय नाही, ती पाच मीटरच्या आत ठेवावी आणि पॉवरच्या वायरीला समांतर बांधू नये, ओलांडायचीच तर काटकोनात. पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलीतून मात्र लूप येत नाही, कारण १९८३ च्या मिडी मानकातच इनपुटला ऑप्टोकपलर घातला होता, सिग्नल आतमध्ये उजेडानं उडी मारतो. यूएसबी मिडीला ही सुरक्षा आपोआप मिळत नाही.

हमिंग समजून आणलेले दुसरेच दोष

गाणं वाजतंय पण गायकाचा आवाजच गायब, पोकळ-पोकळ, हे हेडफोनच्या पिनेतली ग्राउंडची वायर तुटल्याचं लक्षण, डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो आणि मधोमध ठेवलेला आवाज कटतो. भजन रेकॉर्ड केलं पांढरी चारमध्ये आणि वाजतंय साधारण दीड सेमीटोन (पाऊण स्वर) खाली, तर ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचं (सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदींचं) रेकॉर्डिंग ४४.१ वर वाजतंय, सेटिंग एकसारखं करा. कीबोर्ड दाबल्यावर आवाज उशिरा येतो तो बफरमुळे (लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो, तो साठा), ४४.१ ला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ वर आणलं की ६ च्या खाली. फार कमी केलं तर जुना लॅपटॉप कटकट करायला लागतो, ती कटकट म्हणजे हमिंग नव्हे. टिडिक-टिडिक आला तर इंटरफेसजवळचा टूजीवर गेलेला मोबाईल उचला, रेंज कमी असलेल्या गावात हा फार.

दुरुस्ती

फिरवल्यावर खरखर करणारा व्हॉल्युम धुळीमुळे असतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा फिरवायचा, रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालायचं नाही, त्यावर कापसाचे तंतू-धूळ अजून चिकटते. घरघर १०० हर्ट्झची असेल आणि व्होल्टेज बरोबर असेल तर सप्लायमधले मोठे कपॅसिटर वाळलेले असतात. उष्णतेनं ते लवकर जातात, ढोबळ हिशोब असा की १० अंश वाढले की आयुष्य निम्मं, आणि टिनाखालच्या खोलीत मे महिन्यात अँप्लिफायरच्या आत काय तापमान होत असेल ते वेगळं सांगायला नको. अँप्लिफायर उघडताना प्लग काढलेला असला तरी त्या कपॅसिटरांमध्ये चार्ज उरलेला असतो, आधी रेझिस्टर लावून तो उतरवतात, पेंचिसनं शॉर्ट करत नाहीत. जोडून झाल्यावर पहिल्यांदा लाइन देताना रिपेरिंगवाले १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सप्लाय ठीक, तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, बल्बानं नवे पार्ट वाचवले, प्लग काढून परत उघडायचा.